‘पुटिकांमधूनच’ यातला ‘च’ खोडावा लागेल

“पेशी म्हणजे कारखाना, प्रत्येक पेशीअंगक म्हणजे भिंतीआडचे स्वतंत्र खाते, आणि त्यांची देवघेव पुटिकांमधूनच होते, अंगके एकमेकांना चिकटलेली दिसली तर तो निव्वळ दाटीचा योगायोग,” अशा आशयाची टिपणे विद्यार्थ्यांमध्ये फार फिरतात. पटलाच्या, म्हणजे पातळ आवरणाच्या, इवल्या पिशव्या, म्हणजे पुटिका, आंतर्द्रव्यजालिकेकडून (प्रथिने व मेदद्रव्ये घडवणाऱ्या पटलांच्या जाळ्याकडून) गॉल्गी संकुलाकडे (ती प्रथिने पुढे रवाना करणाऱ्या अंगकाकडे) प्रथिने नेतात, हे खरेच आहे. आक्षेप आहे तो त्या ‘च’ला.

तंतुकणिकांचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकांचे (मायटोकॉन्ड्रिया) पाहा. त्यांच्या पटलांना लागणारे फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन हे मेदद्रव्य बव्हंशी त्या स्वतःच घडवतात. पण ज्या फॉस्फॅटिडिलसेरीनपासून ते घडते, ते तयार होते आंतर्द्रव्यजालिकेत, आणि गॉल्गीकडे जाणाऱ्या पुटिकांची वाट तंतुकणिकांकडे वळत नाही. १९९० साली जैवरसायनशास्त्रज्ञ जीन व्हान्स यांनी उंदराच्या यकृतातून, तंतुकणिकांना बिलगून राहणारा जालिकेचा अंश वेगळा काढला, तेव्हा मेदद्रव्ये बनवणारी विकरे (एन्झाइम) नेमकी त्यात आढळली. म्हणजे मेदद्रव्याची ही देवघेव पुटिकांवाचून, बिलगलेल्या जागीच होत असावी.

आता योगायोगाविषयी. यीस्टमध्ये जालिका आणि तंतुकणिका यांना जोडणारे प्रथिनांचे एक संकुल २००९ साली ओळखले गेले. त्यातले एक प्रथिन नसलेल्या यीस्टची वाढ खुंटते. पण संशोधकांनी दोन्ही पटलांना बांधून ठेवणारे एक कृत्रिम प्रथिन त्यात घातले, तेव्हा ती वाढ बरीच सावरली. दाटीने घडलेल्या योगायोगाला अशी दुरुस्ती लागू पडण्याचे कारण नाही.

चिकटणे म्हणजे एकजीव होणे, हा समजही याच टिपणांतून पसरतो. पटले मिसळत नाहीत. त्यांच्यात साधारण १० ते ३० नॅनोमीटरची फट राहते. प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोम या कणाचाच व्यास २५ ते ३० नॅनोमीटर असल्यामुळे अरुंद फटीच्या जागी जालिकेवर सहसा रायबोसोम नसतात.

कॅल्शियमची गोष्ट तर या फटीवाचून उलगडतच नाही. तंतुकणिकेचे कॅल्शियम आत घेणारे द्वार मंद प्रतिसादाचे आहे. पेशीद्रवात एरवी वाढते तेवढ्या कॅल्शियमने ते फारसे उघडत नाही. जालिकेचे कॅल्शियम-मार्ग मात्र फटीच्या तोंडाशीच उघडतात, आणि त्या चिमुकल्या जागेत क्षणभर कॅल्शियम इतके साचते की ते द्वार उघडते.