चारशे लोकांच्या गावाला बस काऊन पाहिजे म्हणे!

आज एका लग्नात पंगतीला बाजूला बसलेले साहेब, चांगले शिकले-सवरलेले, मला म्हणतात, "अहो ताई, चारशे लोकवस्तीच्या गावाला बस परवडते का? खेड्यात आता राह्यलंच कोण?" तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. तिथे यजमानांचा मान ठेवला, काही बोलले नाही, आता इथे लिहिते.

राह्यलंच कोण? माझी आत्या राह्यली ना, कुही तालुक्यात. फाट्यापासून आत गाव, मधे मुरमाचा रस्ता, पावसाळ्यात नाल्यावरून पाणी. नुकतंच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ नको, धक्के नको. आणि ती पुन्हा तपासायला कशी आली, तर काळा चष्मा, वरून पदर गुंडाळलेला, शेजारच्या पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून, एका हाताने त्याचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातात दवाखान्याच्या कागदांची पन्नी. फाट्यावर काळीपिवळी भरायची वाट पाहत बसली, कारण भरल्याशिवाय ती हलत नाही.

याच गावात आधी एसटीची मुक्कामी गाडी होती हो. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, पहाटे दूधवाले, भाजीवाल्या बाया, शाळेचे पोट्टे सगळ्यांना घेऊन निघायची. ती बंद केली. मग सकाळची फेरी अकरावर नेली. अकरा वाजता कोण शाळेत जाते, कोण कामावर जाते? आणि नंतर सांगतात भारमान नाही, म्हणजे गाडीत पुरेशा सवाऱ्या नाहीत! कसं राहील भारमान?

रस्त्याचं पण तेच. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली तेव्हा सपाट भागात ५०० ची वस्ती पाहिजे, डोंगरी-आदिवासी भागात २५० ची. २०२४ ला चौथा टप्पा मंजूर झाला तरी सपाटीवर आकडा ५०० च, आणि डोकी मोजायची २०११ च्या जनगणनेवरून, कारण २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ची वाट. गाडी नाही म्हणून माणसं नागपूरला येऊन भाड्याच्या खोलीत राहतात, मग गावात माणसं कमी म्हणून गाडी नाही. "त्या गावात गाडी जात नाही" एवढ्यावरून जुळत आलेली सोयरीक मोडलेली मी डोळ्याने पाहिली आहे. आणि हे साहेब विचारतात राह्यलंच कोण.

बरं, रिकामी गाडी पळवून डिझेल जाळा असं मीही म्हणत नाही, खर्च असतो, मान्य. पण ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला, पाहिजेच होता, दुपारी मेट्रोत कितीतरी सीटा रिकाम्या असतात, तरी मेट्रो पाहिजेच. मग डोकी मोजायचा नियम फक्त आत्याच्याच गावाला काऊन? २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मी तिला हौसेने फोन केला होता. ती म्हणाली, "तिकीट अर्धं झालं बाई, पण गाडी कुठं हाय?" मला पुढे काही बोलता आलं नाही. चिडली पण नाही हो ती, तेच जास्त लागलं मला.

असो. पुढच्या वेळी तिला आणायला मीच गाडी घेऊन जाणार आहे, पण गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांचं काय? ज्यांची ज्यांची गावं अशी तुटलेली आहेत त्यांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जाऊन ठराव घ्या, आणि नुसतं "बस मिळावी" असं लिहू नका, वेळ टाका. सकाळी सातच्या आत एक, संध्याकाळी शाळा-कॉलेज सुटल्यावर एक. कोण कशासाठी जाते तेही लिहा, शाळेची पोरं किती, दवाखान्यात जाणारे किती, बाजाराला जाणाऱ्या बाया किती. अर्जाचा मसुदा मी करून देते, इनबॉक्स करा.