त्या बसस्थानकाला कुरूप म्हणण्याआधी

आज सकाळी एका परिचितांनी एका जुन्या बसस्थानकाचे छायाचित्र टाकले. काळवंडलेला लांबलचक छज्जा, भिंतींवर पावसाचे ओघळ, पोपडे सुटून एका कॉलममधून डोकावणारी गंजकी सळई, आणि खाली एवढेच वाक्य: ‘हे कुरूप धूड कधी पाडणार?’ त्याला होकार देणाऱ्यांत माझी निम्मी मित्रमंडळी दिसली आणि दिवसभर ते मनातून जाईना. कोरीवकामाचे जुने लाकडी घर पाडले किंवा दगडी पूल खचू दिला, तर आपण सारेच हळहळतो. त्याविषयी आपल्यात कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही. मग काँक्रीटच्याच वाट्याला हा तिटकारा का येतो? ते शंभर वर्षांचे झालेले नाही म्हणून, की तिथे बसची वाट पाहणारी साधी माणसे बसतात म्हणून?

ते बसस्थानक मी ओळखते. शहराचे नाव लिहीत नाही, कारण अशी बसस्थानके अनेक देशांत आहेत आणि बहुतेकांवर आरोप हाच आहे. माझे वडील सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतण्याचे साचे बांधणारे, मिस्त्री होते. त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन करून आम्ही परतत होतो, पावसाने रस्ता बंद झाला आणि शेवटची बस सुटलीच नाही. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धूसर दिसणारे, अशा अवस्थेत बाबा त्या मोठ्या दालनातल्या एका कॉलमला टेकून बसले. थोड्या वेळाने त्यांचा तळवा काँक्रीटवरून फिरू लागला. ‘फळ्या चांगल्या रंधून घेतल्यात,’ ते म्हणाले. ‘लाकडाच्या रेषा लागतायत हाताला. आणि इथे बघ, इथपर्यंत ओत आली होती. वरचं दुसऱ्या दिवशी ओतलंय. पण जोड किती सरळ ठेवलाय!’ मला तोवर ती भिंत केवळ करडी दिसत होती.

काँक्रीटला चेहरा नसतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे एकदा समजून घ्यावे. काँक्रीटची प्रत्येक इमारत आधी सुतार आणि सेंटरिंगवाले उलटी बांधतात. जिथे भरीव हवे तिथे पोकळी, जिथे गोलाई हवी तिथे तिचा साचा, आणि मग त्यात ओतलेले काँक्रीट फळीची गाठ, शिरा, खिळ्याची खूण, सारे आपल्या अंगावर घेते. साचा काढून नेला जातो, कारागीर पुढच्या कामावर जातो आणि त्याच्या हातांची एकमेव नोंद त्या भिंतीवर राहते. देवळाच्या खांबावरची छिन्नीची खूण आपण बोट लावून दाखवतो. फळीची खूण दिसली की मात्र रंगरंगोटी राहून गेली असे म्हणतो. हा भेदभाव मला सहन होत नाही.

आता ‘धोकादायक’ या आरोपाकडे येते, कारण माझा सर्वाधिक संताप त्यावर आहे. ताज्या काँक्रीटमधला चुना त्याला तीव्र अल्कधर्मी ठेवतो आणि त्यामुळे आतील सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो, तो चुना हळूहळू खर्ची पडतो, अल्कधर्मीपणा ओसरतो आणि सळईचे कवच जाते. पाणी पोहोचले की गंज चढतो, तो मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट आतून ढकलून फोडतो. छायाचित्रातली उघडी सळई ती हीच. यात गूढ काही नाही. काँक्रीटच्या ताज्या फोडीवर फिनॉल्फथॅलीन या रंग दाखवणाऱ्या रसायनाचा फवारा मारला, तर निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि चुना गमावलेला भाग रंगहीनच राहतो. किती खोलवर हानी झाली आहे ते पट्टीने मोजता येते. सैल भाग फोडून काढणे, सळई घासून तिच्यावर गंजरोधक लेप देणे, जिथे ती खंगली असेल तिथे नवी जोडणे आणि मूळ काँक्रीटशी जुळणाऱ्या मिश्रणाने भरून घेणे ही रोजची, सर्वज्ञात कामे आहेत. आणि तरीही एका कॉलमचे छायाचित्र फिरते आणि साऱ्या इमारतीचा निकाल लागतो! बहुतेक वेळा त्या कॉलमशेजारचा पावसाळी नळ वर्षानुवर्षे तुंबलेला असतो. नळ साफ करायचा नाही, छतावरची गळती बुजवायची नाही, आणि मग इमारत म्हातारी झाली म्हणायचे, हा दुर्लक्षाचा दोष इमारतीच्या माथी मारण्याचा प्रकार आहे.

काही इमारती खरोखरच दुरुस्तीपलीकडे जातात, हे मान्य. पण ते चाचणीने ठरते, तिरस्काराने नव्हे.

पाडल्यावर काय होते, तेही पाहू. इंग्लंडमधील नॉर्थम्प्टनचे ग्रेफ्रायर्स बसस्थानक १९७६ मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये सुरुंग लावून जमीनदोस्त केले गेले. माणसाच्या वयाने मोजले तर ते चाळिशीही गाठू शकले नाही. पोलंडमधील कातोवित्सेच्या रेल्वे स्थानकाची कथा मला अधिक लागते. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या दालनाचे छत काँक्रीटच्या पेल्यांसारख्या प्रचंड कॉलमांवर तोललेले होते. अभियंता वात्सवाफ झालेव्स्की यांची ती रचना. २०१० च्या अखेरीस व २०११ मध्ये, विरोध होऊनही, ते दालन पाडले गेले. लोक इतके हळहळले की नव्या स्थानकात त्याच आकाराचे पेले पुन्हा ओतण्यात आले आणि शेजारी मोठे खरेदी संकुल उभे राहिले. नवे पेले चांगले झाले असतीलही. पण जुन्या पेल्यांवर ज्यांच्या फळ्यांचे ठसे होते, त्यांचे हात तिथे आता नाहीत. बाबांनी त्या नव्या पेल्यावर तळवा ठेवला असता, तर त्यांना तिथे दुसरेच कोणी भेटले असते.

पाडणे अटळ असते असेही नाही. इंग्लंडमधलेच प्रेस्टनचे बसस्थानक १९६९ मध्ये उघडले. दोन्ही बाजूंना मिळून ८० बस लागतील एवढे लांब, आणि वर सुमारे १,१०० मोटारींचे वाहनतळ. त्याच्या मजल्यांच्या बाहेर झुकलेल्या वक्र कडा आजही पाहणाऱ्याला थांबवतात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या नगर परिषदेने ते पाडण्याचा तत्त्वतः निर्णय घेतला. रहिवासी आणि वास्तुप्रेमी हटले नाहीत, आणि २०१३ च्या सप्टेंबरमध्ये त्याला वारसा इमारतीचे कायदेशीर संरक्षण मिळाले. पुढे वास्तुविशारद जॉन पटिक यांच्या कार्यालयाने केलेल्या नूतनीकरणात बसगाड्या एका बाजूला एकत्र आणल्या गेल्या, दुसऱ्या बाजूच्या डांबरी पट्ट्यावर लोकांना बसण्या-फिरण्याचा चौक झाला आणि आतले जुने लाकूडकाम शक्य तेवढे जपले गेले. २०१८ मध्ये प्रवासी दालन नव्या रूपात खुले झाले. २०२१ मध्ये या कामाला वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वारसा जपणाऱ्या संस्थेचा आधुनिक वास्तूंच्या जतनासाठीचा पुरस्कार मिळाला. पोलंडमधलेच कील्त्सेचे तबकडीसारखे गोल बसस्थानक १९८४ चे. त्याचेही नूतनीकरण झाले आणि २०२० पासून ते पुन्हा बसस्थानक म्हणूनच चालू आहे.

न्यूयॉर्कचे टीडब्ल्यूए या विमान कंपनीचे टर्मिनल या यादीत घालताना माझा हात थोडा थांबतो. वास्तुविशारद ईरो सारिनेन यांचे पंखांसारखे ते काँक्रीटचे छत १९६२ मध्ये खुले झाले, टर्मिनल २००१ मध्ये बंद पडले आणि २०१९ मध्ये तिथे ५१२ खोल्यांचे हॉटेल सुरू झाले. छत वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. हॉटेल झाले नसते तर कदाचित तेही गेले असते, हेही खरे. परंतु ज्या दालनात सामान सांभाळत कोणीही प्रवासी बसत असे, ते आता आधी पाहुण्यांचे झाले आहे. विमानतळावर ते चालून जाईल. बसस्थानकाच्या बाबतीत मी ते कधीच मान्य करणार नाही.

कारण त्या रात्री आम्हाला कोणी उठवले नाही. रात्रपाळीचा एक कर्मचारी फेरी मारत आला. तिकीट विचारील या धास्तीने मी पिशवी उघडली, तर त्याने बाबांच्या पट्टीकडे पाहून वारा न लागणारे आतले बाक दाखवले. आम्ही काही विकत घेतले नव्हते आणि सकाळपर्यंत कोणी त्याची अपेक्षाही केली नाही. शहरात अशी छते किती उरली आहेत, याचा विचार करा. ‘पुनर्वापर’ म्हणत काचेची दुकाने आली, बाकांच्या जागी उपाहारगृहाच्या खुर्च्या आल्या आणि बस मागच्या गल्लीत ढकलली गेली, तर काँक्रीट वाचून इमारत मरेल.

नवा वापर मात्र जरूर यावा, आणि या इमारती त्यासाठी फार सोयीच्या आहेत. बस वळायला जागा लागते म्हणून कॉलम एकमेकांपासून दूर असतात, उंची भरपूर असते आणि बस फिरणाऱ्या भागातील जमीन जड वाहनांसाठीच घडवलेली असते. जिथे बस थांबणे कमी झाले असेल, त्या भागात वाचनालय, दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग, पाळणाघर, संध्याकाळचे वर्ग, काहीही सहज मावेल. आतल्या हलक्या भिंती उद्या बदलायच्या झाल्या तरी मूळ सांगाड्याला धक्का लागत नाही. शिवाय सिमेंटच्या निर्मितीतून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा सात ते आठ टक्के वाटा येतो. त्या सांगाड्यासाठीचा धूर हवेत जाऊन कित्येक वर्षे झाली. तो पाडून तेवढेच सिमेंट पुन्हा ओतायचे आणि नव्या इमारतीला पर्यावरणस्नेही म्हणायचे, हा हिशेब मला कोणी समजावून सांगावा.

माझ्या मैत्रिणी म्हणतील की तिथली स्वच्छतागृहे असह्य आहेत आणि रात्री एकटीने त्या भुयारी वाटेने जाता येत नाही. त्या अगदी बरोबर बोलत आहेत, आणि यावर मी काही बचाव मांडणार नाही. ती भुयारे बंद करा, रस्ता ओलांडायची वाट वर जमिनीवर आणा, दिवे लावा, व्हीलचेअरला जाता येईल असे उतार करा. वाहनतळाचे बुटके मजले माणसांच्या वावरासाठी वापरणे अवघड आहे, हेही मला मान्य करावे लागते. तिथे कदाचित एखादा मजला कापून उजेड खाली आणावा लागेल. या प्रत्येक तक्रारीवर इलाज आहे, आणि त्यासाठी इमारत उभी असावी लागते.

बाबा आता नाहीत. हे लिहिताना सकाळचा राग बराच निवळला आहे. ते छायाचित्र टाकणाऱ्यांशी मला भांडायचे नाही, कारण तो तळवा त्यांनी पाहिलेला नाही. त्यांनी आणि तुम्ही एवढेच करावे: त्या इमारतीच्या तपासणीचा अहवाल जाहीर करा, असे लेखी पत्र बसस्थानकाच्या प्रशासनाला पाठवावे. कोणत्या कॉलमवर कोणती चाचणी झाली, हानी किती खोल आहे, छतावरच्या पाण्याचा निचरा शेवटचा कधी दुरुस्त केला, दुरुस्तीचा अंदाज कोणी काढला आणि काम चालू असताना प्रवासी कुठे बसतील, ही माहिती नावानिशी मागावी. मी माझे पत्र आज रात्रीच लिहीत आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी मला निरोप द्यावा.