वरच्या रस्त्यानं, शाळूसकट

स्कूटर बंद पडली ती पोवई नाक्याच्या पोटात. २०२१ मध्ये ग्रेड सेपरेटर सुरू झाला, तेव्हापासून साताऱ्यात जमिनीखाली अडकायचीही सोय झाली आहे. मागच्यांचे हॉर्न भिंतींवर आपटून दुप्पट होऊन कानात शिरत होते. ढकलत वर आलो, महाराजांच्या पुतळ्यापाशी घाम पुसला. रविवार पेठ आणि वारही रविवार. गॅरेजं बंद. हाक मारल्यावर सुट्टीच्या दिवशीही येणारा एकच मेकॅनिक, तो आमच्या चिमणपुऱ्यात. मध्ये अख्खा राजपथ.

नाक्यापासून राजवाड्यापर्यंतचे दोनेक किलोमीटर चढाचे आहेत, हे रिक्षात बसून कधी लक्षात येत नाही. शंभर किलोची स्कूटर ढकलताना ते पोटऱ्यांनाही कळतं.

शंभर पावलांतच शेजारी एक आजोबा चालू लागले. पांढरी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी.

"बंद पडली का?"

म्हणावंसं वाटलं, नाही, तिचे पाय मोकळे करायला आणलंय. म्हणालो, "हो."

"पेट्रोल आहे?"

"आहे."

"किती?"

"परवाच टाकलंय."

"कधी नाही विचारलं, किती?"

"दोनशेचं."

"हं," म्हणाले. त्या 'हं'मध्ये माझी सगळी आर्थिक परिस्थिती मावली.

मला वाटलं, आता मागून जरा हात लावतील. हात पुढे आला खरा, पण पिशवीसकट. "ही जरा हुकाला अडकवतो हं. तुम्ही तसेही निघालाच आहात." आणि अडकवल्यावर म्हणाले, "सावकाश. पाच किलो शाळू आहे."

पाच किलो! माझ्या तोंडून नाही निघालं नाही. आपल्याकडे वयाला मान द्यायची जी सवय आहे ना, ती अशा वेळी फार महागात पडते.

आता मोकळ्या हातांना काम हवं म्हणून त्यांनी ते मागे बांधले आणि बोलायला लागले. बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं काढलेली. त्यामुळे या चढाबद्दल त्यांचं स्वतंत्र मत होतं. "हा काय चढ आहे? कासचं पाणी बघा. तिकडनं पाटानं यायचं साताऱ्याला. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. पाण्यालासुद्धा कळतं कुठल्या बाजूनं जायचं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे आणि स्कूटरच्या तोंडाकडे पाहिलं.

कमानी हौदाशी आलो तोवर त्यांनी मी कुठल्या पेठेतला, मूळचा कुठला, मुलगा काय करतो हे काढून घेतलं होतं. मुलगा पुण्याला. "सगळ्यांचेच," म्हणाले. तेवढ्यापुरते मात्र ते गप्प झाले. समोरून खरंच पाठीवर सॅक अडकवलेली पोरं एसटी स्टँडकडे उतरत होती, सोमवारची ड्युटी गाठायला. ढकलायला खांदा असलेलं सगळं गाव उताराला लागलेलं आणि वर चढणारे आम्ही दोघंच. त्यातही ढकलणारा एक.

बाकी राजपथ नाव ठेवणाऱ्याला एकदा दंडवत घालायचा आहे. दोन्ही बाजूंना गाड्या, त्यांच्या अंगाला अंग लावून आणखी गाड्या, फुटपाथवर दुकानांच्या पाट्या आणि मुंडकं नसलेल्या बाहुल्या. त्या बाहुल्यांना उभं राहायला जागा आहे, मला नव्हती. रस्त्याच्या मधून चाललो तर एक रिक्षावाला ओरडला, "बाजूला घ्या की वो!" कुठली बाजू, ते मात्र न सांगता गेला. घरपट्टी भरताना मी कधी एक दिवस उशीर केलेला नाही, हे त्या क्षणी उगाचच आठवलं.

देवी चौकाच्या आसपास आजोबांना एक मेकॅनिक आठवला. "पाचशे एक पाटीपाशी होता. सोन्यासारखा माणूस." माझ्या अंगात बळ आलं. (बाहेरगावचे पाहुणे विचारतात, आधीच्या पाचशे पाट्या कुठे आहेत? साताऱ्यात असं विचारायचं नसतं.) म्हटलं, "आज भेटेल?"

"छे हो. त्याला जाऊन वीस वर्षं झाली."

मोती चौकात ते थांबले. पिशवी काढली, शाळू सांडला नाही ना ते पाहिलं आणि जाता जाता म्हणाले, "पण मी काय म्हणतो, वरच्या रस्त्यानं कशाला आलात? खालच्या रस्त्यानं यायचं. एवढी दमछाक नसती झाली."

खालचा रस्ता म्हणजे कर्मवीर पथ. तोही नाक्यावरूनच निघतो आणि राजवाड्याकडेच येतो. हे आजोबांना नाक्यावर सुचलं नाही, मोती चौकात सुचलं. बहुधा त्यांचं घर वरच्या रस्त्याला असावं.

बेल्ट तुटला होता. साडेआठशे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल बागेपाशी आजोबा दिसले, चार समवयस्कांच्या घोळक्यात. मी मान खाली घालून सटकत होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हेच ते. काल नाक्यावर अडकले होते बिचारे. मीच आणून सोडलं यांना मोती चौकापर्यंत."