ताप मोजू नका, ताप जाईल

सोलापूर जिल्हा हिवतापमुक्त करायचाय ना? मग पहिल्यांदा हातातली ती सुई खाली ठेवा. बोटातून थेंबभर रक्त काढायचं, काचपट्टीवर पसरायचं, सूक्ष्मदर्शकात डोळे घालायचे आणि मग ‘सापडला हो, सापडला’ म्हणून बोंब मारायची, हा उद्योग सांगितलाय कुणी? वर्षाला शंभरातल्या किमान 10 माणसांचं रक्त तपासावं, असा सरकारी दंडक आहे. पाळा की. फक्त ते दहा कोण, हे तुम्ही ठरवायचं. एसटी स्टँडवरचे घ्या, शाळेतली पोरं घ्या, उपकेंद्राच्या पायरीवर आयतेच बसलेले घ्या. कॅनॉलच्या कडेला कोप्या पडल्यात, तिकडचे घेऊ नका. रस्ता खराब आहे.

कोप्या ऊसतोडीवाल्यांच्या. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या उतरतात. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती, हे आपण पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगतो. त्या कारखान्यांना ऊस तोडून देणारा माणूस मात्र आपल्या एकाही यादीत नसतो, आणि हीच तुमची खरी शिदोरी आहे. औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटायची वेळ आलीच, तर इथं त्याचं नाव नाही, कारण तो बीडचा. बीडच्या यादीत नाव आहे, पण वाटपाच्या दिवशी घराला कुलूप. भिंतीवर कीटकनाशक फवारतात. डास चावून झाला की भिंतीवर टेकतो आणि मरतो, असा त्यातला हिशोब. पाचटाच्या नि ताडपत्रीच्या कोपीला भिंतच नाही. फवारणीची तारीख गेरूने लिहायची म्हटली तरी जागा नाही. काम सुरू व्हायच्या आधीच संपलं!

तरीही एखादी आशाताई हट्टाची निघते. तिला दुपारी पाठवा. तोडीवाले पहाटेच फडात गेलेले असतात. कोपीत असतं एखादं पोर, पाळण्यातल्या धाकट्याला झोका देत. ‘समदी फडात गेलीत’ एवढं ते सांगतं. रजिस्टरात लिहा: गृहभेट झाली, तापाचा रुग्ण नाही. संध्याकाळी गेली तर घोटाळा होईल. त्या वेळी माणसं परतलेली असतात, अंगावर गोधड्या घेऊन कुडकुडत असतात, आणि तिच्या पिशवीतली रक्त तपासायची ती लहानशी पट्टी 15-20 मिनिटांत सांगून टाकते की हिवतापाच्या जंतूची जात कुठली, व्हायवॅक्स की फाल्सिपेरम. ताप आल्यापासून 24 तासांत निदान व्हावं, असं आपलं अधिकृत धोरण आहे. ते भिंतीवर छान दिसतं. तिथंच राहू द्या.

निदान झालंच कुठं, तर घाबरू नका, उपचारातही भरपूर वाव आहे. व्हायवॅक्सला क्लोरोक्विन: मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी 4 गोळ्या, दुसऱ्या दिवशी 4, तिसऱ्या दिवशी 2. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. मग उरलेल्या दोन शेजारच्या कोपीत द्या, माणुसकी म्हणून. पण तुमची खरी मैत्रीण म्हणजे प्रायमाक्विन. हा जंतू यकृतात दडून बसतो, त्याला तिथून हुसकवायला हे औषध 14 दिवस रोज घ्यावं लागतं. गरोदर बाईला ते चालत नाही, म्हणजे आधी विचारपूस आली. चौदा दिवस टोळी एका जागी असते का? फड संपला, मुकादमाने हाक दिली, गाड्या जुंपल्या, चालले मोहोळहून माढ्याला. गोळ्यांचा डबा या उपकेंद्रात, माणूस त्या उपकेंद्रात, आणि दोन्हीकडच्या रजिस्टरांची एकमेकांशी ओळख नाही. काही महिन्यांनी यकृतातला जंतू जागा होईल तेव्हा माणूस आपल्या गावी पोचलेला असेल. केस बीडची. तुमची पाटी कोरी.

आणि मुकादमाला मध्ये घ्यायला विसरू नका. तापाने एक जण आडवा झाला की खाडा लागतो, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटता फिटत नाही. त्यामुळे रुग्ण स्वतःच म्हणतो, ‘काही नाही, अंग दुखतंय जरा.’ नाक्यावरच्या डॉक्टरकडून एक सुई टोचून घेतो आणि सकाळी कोयता उचलतो. तपासणी टाळायला याहून इमानदार कर्मचारी तुम्हाला जाहिरात देऊनही मिळणार नाही. (हिवताप डासातून पसरतो हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसने 1897 साली सिकंदराबादेत, म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गावर पुढं, हिवतापाने आजारी हुसेन खानाला डास चावून घ्यायचे डासामागे एक आणा दिले होते. आज तेच काम कॅनॉलवर फुकटात चालतं.)

शहरातल्या वाचकांनी नाराज होऊ नये, त्यांच्यासाठीही कार्य आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून दारात पिंप, गच्चीत टाकी, मोरीत हौद. शहरातला हिवतापाचा डास गटारात नाही, अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि उन्हाच्या दिवसांत आठवड्या-दीड आठवड्यात उडायला लागतो. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून, घासून, कोरडं ठेवलं तर त्याचा वंशच खुंटेल. तसं करू नका. वरच्या वर भरत राहा. नाहीतर ‘पाणी सांडतोस काय बे?’ म्हणून शेजारी अंगावर येईल, आणि त्याचंही चूक नाही. गप्पी मासे फुकट मिळतात. घेऊ नका, पाण्याला वास येतो म्हणा. त्याऐवजी नगरसेवकाला फोन करून धुराची गाडी बोलवा. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना ठसकासुद्धा लागत नाही, पण फोटो झकास येतो.

आता वेळापत्रक. हिवताप प्रतिरोध महिना जूनमध्ये असतो. जूनमध्ये गाळप संपून, पट्टा पडून टोळ्या कधीच गेलेल्या, कोप्यांच्या जागी नुसती चुलीची राख. तेव्हा प्रभातफेरी काढा, सर्वेक्षण करा. शून्य येईल. देशाने उद्दिष्ट 2030 चं ठेवलंय, तुम्ही आधीच पोचाल. श्रीलंकेने 2016 मध्ये हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र मिळवलं, पण त्यासाठी फिरते दवाखाने घेऊन ती माणसं आडरानात तापाची माणसं हुडकत हिंडली. बिचारी.

प्रमाणपत्राला सलग तीन वर्षं स्थानिक रुग्ण शून्य लागतात. ‘स्थानिक’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवा. कोपीतल्या एखाद्याचं रक्त चुकून तपासलं गेलं आणि चुकून जंतू निघाला, तर ‘बाहेरून आलेला’ हा रकाना भरा. तो चार महिने तुमच्याच कॅनॉलच्या कडेला उघड्यावर झोपलाय, हे त्या रकान्यात कुणी विचारत नाही.