शाल-नारळ ठेवा बाजूला

आज पारोळ्याला स्टँडजवळ चहा पीत होतो, शेजारचा एक जण म्हणे या आशावाल्या बायकांना काय, सह्या करायच्या अन फुकटचे पैसे घ्यायचे. डोकंच सटकलं.

एवढ्या लवकर विसरले लोक? एप्रिल 2021 आठवा. सख्खे भाऊबंद ओट्यावर यायला तयार नव्हते अन आमच्या गावची आशाताई तोंडाला रुमाल बांधून, आपल्या खान्देशातल्या त्या उन्हात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होती. अण्णांच्या बोटाला लावलं तर 86. आम्ही म्हणतोय टायफॉइड असेल, सकाळी बघू. ती म्हणे, "सकायनी वाट देखू नको भाऊ, आत्तेच दवाखानामा लई जाय." 108 पण तिनेच बोलावली. आज अण्णा वावरात उभे राहून सालदारावर ओरडतात ते तिच्यामुळे.

हां, सगळ्याच काही अशा नसतील, कुठे कागदावरच सर्व्हे झाले असतील. पण असं कोणत्या खात्यात होत नाही?

22 मार्च 2020 ला थाळ्या वाजवल्या, 3 मे ला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं टाकली. बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण कोविडच्या कामाचे तिला केंद्राकडून जास्तीचे किती, तर महिन्याला 1000 रुपये! दिवसाचे तेहतीस. तेवढ्यात आमच्याकडे निंदायला बाई येत नाही अन ही जीव हातात घेऊन फिरली. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्या पुढाऱ्यांचे स्टेटस. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच बायका मानधनासाठी आझाद मैदानात बसल्या तेव्हा कोणाचं स्टेटस दिसलं नाही ब्वा.

अन दवाखान्यातल्या सिस्टर, वॉर्डबॉय, झाडूवाल्या मावशी? एकदा किट चढवलं की ना पाणी ना लघवी. अण्णांचा डबा आत न्यायला त्या मावशीच होत्या, आम्ही गेटच्या बाहेर.

एक गोष्ट लिहू की नको करत होतो. अण्णांना गाडीत बसवून ताई घरी गेली तर सासूने तिचं ताट-पाणी पडवीत ठेवलेलं. नळावर गल्लीतल्या बायका तिला लांब उभं करायच्या. त्यात आमच्या घरच्या नसतील असं छातीठोक नाही सांगू शकत. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी परत ऑक्सिमीटर घेऊन हजर.

येत्या ग्रामसभेत विषय मांडतोय, ताईला पंचायतीत बसायला एक खोली, पंखा अन कपाट द्या, रजिस्टरं पिशवीत घेऊन फिरते ती अजून. कोण कोण हात वर करणार ते कमेंटमध्ये नावानिशी लिहा, नुसते हात जोडलेले इमोजी टाकू नका.