किलोचा भाव विचारला होता, कूपन नव्हतं मागितलं

पंच्याहत्तर रुपयांसाठी माझी शनिवारची अख्खी दुपार गेली, आणि ते पंच्याहत्तर रुपयेही मिळाले नाहीत. राग पैशाचा नाही असं मी म्हणणार नाही. पैशाचा आहेच. पंच्याहत्तर रुपयांत आमच्याकडं दीड लिटर दूध येतं.

मोठ्या किराणा दुकानाच्या मागच्या महिन्याच्या बिलाच्या शेपटीला एक कूपन छापून आलं होतं. ९९९ रुपयांच्या वर खरेदी केली तर ७५ रुपये सूट, दहा दिवसांच्या आत. मी ते जपून फ्रीजवर लावलं. महिन्याची यादी चार दिवस पुढं ढकलली, म्हणजे सगळं एकदम घेतलं की आकडा गाठता येईल. मधेच साखर संपली तर शेजारच्या वैनींकडनं वाटीभर आणली, पण दुकानात गेले नाही. शनिवारी बेळगावातल्या आमच्या वडगावातनं बसनं गेले. कर्नाटकात शक्ती योजनेमुळं बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून जाताना तिकीट नाही, पण येताना दोन्ही हातांत ओझं घेऊन त्या गर्दीत चढणार कुठून, म्हणून रिक्षा धरायचीच होती.

तासभर फिरून सामान गोळा केलं. काउंटरवर बिल झालं अकराशेच्या वर. मी कूपन पुढं केलं. मुलीनं दोनदा मशीनला लावलं आणि म्हणाली, "अक्का, सिस्टीम घेत नाही बघा." का घेत नाही? तर साखर, तेल, तांदूळ, डाळी आणि दूध कूपनमध्ये धरत नाहीत. ते वगळलं तर माझं बिल ४१२ रुपये. कूपन हवं असेल तर आणखी ५८७ रुपयांचं "दुसरं काहीतरी" घ्या.

दुसरं काय घेऊ? पाच माणसांच्या घरात किराणा म्हणजे तेल, तांदूळ, डाळ, साखर. तेच तर किराणा! ते वगळून उरतं काय, बिस्किटं, सॉस, शांपू, वासाच्या काड्या? ज्याच्यात दुकानाचा नफा दांडगा तेवढ्याला सूट, आणि ज्याच्यावर घर चालतं त्याला नाही. आणि ही अट कूपनवर आहे कुठं? आहे की. मागच्या बाजूला, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. त्याच कूपनचा मोबाईलवर आलेला मेसेज कन्नडमध्ये होता. मला कन्नड वाचता येतं, शाळेत शिकले. त्या मेसेजमध्ये ७५ रुपये होते, ९९९ होते, तारीख होती. अट नव्हती. माझ्या सासूबाई जन्मभर मराठीच वाचत आल्या, त्यांच्या हातात हा कागद दिला तर त्यांनी काय करायचं? सूट कळावी म्हणून आकडा तळहाताएवढा छापता येतो, मग अट का छापता येत नाही?

मागं रांग लागलेली. सगळे बघत होते. मी कूपन परत पर्समध्ये घातलं, पैसे दिले, बाजूला उभी राहून बिल तपासलं. आता ही सवयच लागली आहे, आणि लागावी लागली याचाच संताप येतो. रव्याच्या फळीवर ४८ लिहिलेलं, बिलात ५४. शेंगदाण्यात अकरा रुपयांचा फरक. सतरा रुपये गेले होते. परत काउंटरला गेले तर एक मुलगा आला, फळीवरची चिठ्ठी काढली, खिशात घातली आणि म्हणाला, "ते जुनं लेबल आहे मॅडम. बिल एमआरपीपेक्षा कमीच आहे की."

हे वाक्य मला डोक्यात जातं. एमआरपीपेक्षा कमी! अहो, एमआरपी कंपनीनंच ठरवून छापलेली असते, जास्तीत जास्त किती घेता येईल त्याची ती मर्यादा. त्याच्यावर घेतलं तर गुन्हा, म्हणून खाली घेतलं तर उपकार होत नाही. आमच्या गल्लीतला दुकानदारही बहुतेक माल एमआरपीच्या खालीच देतो आणि त्याची पाटी लावत नाही. छापील किंमत आधी वर नेऊन ठेवायची आणि मग लाल शाईत वीस टक्के सूट लिहायची, ही सूट कशावरची? मी फळीवरचा आकडा बघून वस्तू उचलली. तो आकडा मला दिलेला शब्द होता. सतरा रुपये परत घ्यायला मला पंधरा मिनिटं भांडावं लागलं. माझ्यामागं आजी उभ्या होत्या, त्यांनी बिल बघितलंसुद्धा नाही, पैसे देऊन निघून गेल्या. रोज अशा किती जणी जात असतील?

आता तेलाचं सांगते, कारण खरी लूट तिथं आहे आणि तिथं माझ्यासारखी वही-पेन घेऊन उभी राहणारी बाईसुद्धा फसते.

पूर्वी तेल, चहा, बिस्किटं असला काही माल ठराविक वजनातच विकायचा नियम होता. अर्धा किलो, एक किलो, दोन किलो. २०११ च्या वजनमापाच्या नियमांत तशी यादीच होती. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती यादी काढून टाकली. कंपन्यांना हवं ते वजन भरायची मोकळीक मिळाली. त्याच्या बदल्यात पाकिटावर एककाचा भाव छापणं सक्तीचं केलं, म्हणजे गिऱ्हाइकाला तुलना करता यावी. ऐकायला बरं वाटतं. पण नियम असा आहे की पाकीट एका किलोच्या आतलं असेल तर भाव ग्रॅमचा छापायचा, किलोच्या वरचं असेल तर किलोचा. आणि रुपयाच्या दोन दशांशांपर्यंतच.

हे कागदावर मांडून बघा. एक पिशवी ८५० ग्रॅमची, १४२ रुपयांना. दुसरी ७५० ग्रॅमची, १३० रुपयांना. दोन्हींवर एककाचा भाव छापलेला दिसेल ग्रॅमला ०.१७ रुपये. सारखाच! पण किलोचा काढला तर पहिली पडते १६७ रुपयांना, दुसरी १७३ रुपयांना. किलोमागं सहा रुपयांचा फरक दोन दशांशांच्या आड गडप होतो. आमच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागतं. तीस रुपये गेले, आणि छापलेलं सगळं कायद्याप्रमाणे बरोबर! बाजूला तिसरी पिशवी असते एक लिटरची. लिटर म्हणजे किलो नव्हे, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. ती १५० रुपयांना असेल तर किलोला १६५ पडते, म्हणजे तिन्हींत स्वस्त. पण फळीसमोर उभं राहिल्यावर डोळ्यांना १३० सगळ्यात कमी दिसतात, १५० सगळ्यात जास्त. कमी दिसणारं घेतलं की जास्त पैसे जातात. हे ठरवून केलेलं नाही असं कोणी मला सांगू नये.

एका तेलाच्या पिशवीसाठी ग्रॅमचे किलो करायचे, लिटरचे ग्रॅम करायचे, मग सूट वजा करायची, मग कूपन चालतं का बघायचं. हे गणित कोण करतं? कंपनीनं करायचं काम माझ्यावर टाकलं आहे. दर महिन्याला, फुकट. आणि नाही केलं तर दंडही मलाच.

तांदळाचं तेच. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी लागला. लगेच बाजारात २६ किलोच्या पिशव्या आल्या, कारण २५ च्या वर कर नाही. चांगलं आहे, ज्याला एकदम पोतं घेता येतं त्याचा कर वाचला. पण ज्या बाईला आठवड्याच्या मजुरीतनं पाच किलोचं पाकीट घ्यावं लागतं तिनं कर भरायचा. गरिबाचा घास महाग आणि साठवायला जागा असलेल्याचा स्वस्त, हा कुठला न्याय?

आणि आमच्या सीमाभागाची तर आणखी वेगळी पिळवणूक. आम्ही टीव्ही मराठी बघतो. जाहिरात मराठीतनं येते, सणाला साखर इतक्याला, डाळ तितक्याला. गडहिंग्लजला माझी धाकटी बहीण असते, तिनं मला त्याच दुकानाच्या तिकडच्या शाखेचं पत्रक मोबाईलवर पाठवलं. मी ते घेऊन इकडच्या शाखेत गेले. दुकान तेच, पाटीचा रंग तोच, पिशवी तीच. उत्तर काय, "ती ऑफर महाराष्ट्रापुरती आहे." मग आमच्या घरात कशाला ओरडता? जाहिरातीत खाली एक ओळ टाकायला काय झालं होतं? माझी चंदगडकडची मामेबहीण शिनोळीजवळ राहते, महाराष्ट्राच्या हद्दीत, पण बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. तिच्या मोबाईलवर किराण्याचं ॲप उघडलं की कधी बेळगाव दाखवतं, कधी चंदगड, टॉवर पकडेल तसं. बेळगाव दाखवलं तर भाव दिसतात, पत्ता टाकला की म्हणतं तुमच्या भागात सेवा नाही. अर्धा तास निवडून भरलेली टोपली तिथंच पुसली जाते.

ॲपचं तर बोलूच नये. पण बोलते. वस्तूचा भाव कमी दाखवतात, शेवटच्या पानावर घरपोचचे पैसे, हाताळणीचे पैसे, खरेदी लहान म्हणून वेगळे पैसे. आधी का नाही दाखवत? केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला या फसवणुकीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, तेरा प्रकार नावानिशी सांगितले. शेवटी शेवटी पैसे चढवत नेणं त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू घालणं आहे, "दोनच शिल्लक" म्हणून घाबरवणंही आहे. दोन वर्षं होऊन गेली. माझ्या टोपलीत परवा न मागता दहा रुपयांची देणगी आपोआप टिक होऊन बसलेली होती.

सासूबाई म्हणतात, "किती वेळ ते मोबाईल बघूलालीस गं, रविवार पेठेत जा आणि घेऊन ये." त्या चाळीस वर्षं रविवार पेठेतनं माल आणत आल्या. मी पूर्वी त्यांना म्हणायचे, आई, तिकडं सूट नसते. आता म्हणत नाही. तिथला व्यापारीही नफा काढतोच, एखादा वजनात मारतोही, ते मला माहीत आहे. पण तिथं मी विचारते, "तूरडाळ किलोला किती?" तो एक आकडा सांगतो. शेजारच्या दुकानात तोच प्रश्न, दुसरा आकडा. वीस पावलांत तुलना झाली. डाळ पोत्यात उघडी असते, मूठभर हातात घेऊन बघता येते, खडा आहे का, कीड आहे का. मोबाईल नंबर मागत नाहीत, ओटीपी नाही, जन्मतारीख नाही. माझा नंबर का हवा डाळ विकायला? गेल्या वर्षी त्या मोठ्या दुकानात नंबर दिला तेव्हापासून रोज मेसेज, दिवाळीच्या आठवड्यात तर दिवसाला पाच.

माझी मागणी काही मोठी नाही. प्रत्येक वस्तूखाली किलोचा किंवा लिटरचा भाव लिहा. पाकीट पन्नास ग्रॅमचं असो की पाच किलोचं, भाव किलोचाच. वस्तूच्या नावाएवढ्या अक्षरात, कन्नडमध्ये लिहा, मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, आकडा सगळ्यांना कळतो. आणि फळीवर जे लिहिलं तेच बिलात घ्या.

सोमवारी मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. फळीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला होता का, असं विचारलं. नव्हता. चिठ्ठी त्या मुलाच्या खिशात गेली होती. आता मी दुकानात शिरले की आधी फोटो काढते, प्रत्येक फळीचा. परवा पहारेकरी आला आणि म्हणाला, "मॅडम, आत फोटो काढायला परवानगी नाही."

मी काढले. सगळे.