फिजिक्सच्या जर्नलात अचूक उत्तर आणण्याचे खात्रीशीर मार्ग

परवा एका विद्यापीठात एम. एस्सी. फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती. जर्नलांचा, म्हणजे प्रयोगवह्यांचा, गठ्ठा पुढ्यात आला. जर्मेनियमचा हॉल कोएफिशिअंट सगळ्यांचा एकच, तिसऱ्या दशांशापर्यंत एकच, आणि एककही सगळ्यांनी एकसारखंच चुकवलेलं. एवढी एकवाक्यता सिनेटच्या बैठकीतसुद्धा होत नाही. यंदा प्रवेश घेतलेल्यांनी या परंपरेत मागे पडू नये, म्हणून चार हिताच्या गोष्टी.

सगळ्यात आधी सीनियर गाठा. सिलॅबस, टाइमटेबल, ग्रंथालयाचं कार्ड या गोष्टी नंतर होतात. अक्षर चांगलं आणि प्रत्येक पानावर सही, असं जर्नल हाती लागलं की पहिलं सेमिस्टर खिशात. तारखा तेवढ्या बदला. मागच्या वर्षीच्या तारखा तशाच उतरवणारे दरवर्षी निघतात आणि त्यांचंही जर्नल सर्टिफाय होतंच, पण आपण आपलं नीटनेटकं असावं.

फोर-प्रोबला, म्हणजे चार टोकं टेकवून रोध मोजायच्या प्रयोगाला, उत्तर आधीपासून पाठ हवं: जर्मेनियमचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. ओव्हन आधी तापवून मग निवताना रीडिंग घ्यावीत असं म्हणतात, कारण भराभर तापवताना थर्मामीटर दाखवतो ते तापमान आणि क्रिस्टलचं तापमान यांचा मेळ बसत नाही. पण निवायला वेळ लागतो आणि कॅन्टीन काही आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा तापतानाच घ्या आणि उत्तर मागाहून सुधारा. ०.३५ आलं? सूत्रातला २ विसरलात, दोनाने गुणा. ०.३० आलं? नॅचरल लॉगऐवजी दहाच्या पायाचा लॉग घेतलात, २.३०३ ने गुणा. ०.१५ आलं तर दोन्हींनी. कमी तापमानाला आलेख वाकला, तर ते बिंदू रबराने पुसा. तिथे डोपिंगमधून (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीतून) आलेले चार्ज कॅरिअर वरचढ ठरतात, म्हणून आलेख वाकतो. पण ती भानगड उकरून काढली की समजावून सांगावी लागते.

हॉल इफेक्टमध्ये एन-टाइपचं, म्हणजे ज्यात मुख्यतः इलेक्ट्रॉन वीज वाहतात त्या नमुन्याचं, चिन्ह ऋण यायला हवं. धन आलं तर चिन्ह लिहूच नका.

व्हायव्हात ‘एरर कुठून आली?’ असं विचारलं की ‘ह्यूमन एरर’.

आता जी-एम काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारी ट्यूब. याला खास मार्गदर्शन लागतं, कारण लबाडी पकडून देणारा एवढा चोख प्रयोग दुसरा नाही. रेडिओअ‍ॅक्टिव्ह सोर्स समोर ठेवून ३० सेकंदांत साधारण ४०० काउंट आले, तर पुढची रीडिंग त्याच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे २० ने, इकडेतिकडे होणारच. दहा रीडिंग घेतली तर सरासरी तीन तरी ३८० ते ४२० च्या बाहेर पडतील. आणि जर्नलात काय असतं? ३९९, ४००, ४०१, ४००, ३९९. निसर्गाला हे जमत नाही, फक्त बॉलपेनला जमतं. मग इन्व्हर्स स्क्वेअरचा (काउंट विरुद्ध १/अंतर²) आलेख: २ सेंटिमीटरला ४०००, ४ ला १०००, ८ ला २५०. प्रत्येक बिंदू रेषेवर. बॅकग्राउंड (सोर्स नसतानाही येणारे काउंट) वजा केलेलं नाही. काउंट ट्यूबच्या तोंडच्या खिडकीत होत नाहीत, आत होतात, त्यामुळे पट्टीवर मोजलेलं अंतर थोडं कमी भरतं, याचा पत्ता नाही. तरी रेष ओरिजिनमधूनच जाते! आणि सोर्स? समजा, विभागाने कोबाल्ट-६० २००९ साली घेतला. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. २०२५ पर्यंत तीन अर्धायुष्यं उलटली, म्हणजे सोर्स मूळच्या एक-अष्टमांशावर आला. जिथे ४००० काउंट यायचे तिथे आता ५०० यायला हवेत. यंदाच्या जर्नलात अजून ४००० च आहेत. सोर्स म्हातारा झाला, पण त्याची रीडिंग २००९ च्या बॅचकडून वारसाहक्काने उतरत आली. याच जर्नलात दोन पानं पुढे रेडिओअ‍ॅक्टिव्ह डिकेचा नियम सुवाच्य अक्षरात सिद्ध केलेला असतो, हो!

बरं, ट्यूब तरी चालू आहे का? प्लॅटो (व्होल्टेज वाढवूनही काउंट जवळपास तेवढेच राहतात तो पट्टा) संपला की काउंट एकदम वर चढतात, त्याच क्षणी व्होल्टेज मागे घ्यायचं असतं. ‘बघू पुढे काय होतं’ म्हणून कोणीतरी नॉब फिरवत राहिला, आत सतत डिस्चार्ज सुरू झाला आणि ट्यूब गेली. नवी ट्यूब घ्यायची तर तीन कोटेशनं, मग परचेस कमिटी, मग मार्च एंड. ट्यूब कपाटात मेलेली आहे आणि तिचा प्लॅटो दरवर्षी जर्नलात जिवंत होतो. खाली सही, तारीख, शिक्का.

प्रोजेक्टला फेराइट (लोहयुक्त चुंबकीय ऑक्साइड) घ्या, सगळे घेतात. फक्त शेररच्या सूत्रात (एक्स-रे पीकच्या रुंदीवरून स्फटिककणाचा आकार काढतात ते) एक्सआरडी पीकची रुंदी रेडियनमध्ये टाका. अंशात टाकलीत तर २५ नॅनोमीटरचा क्रिस्टलाइट ०.४४ नॅनोमीटर येईल, आणि कोबाल्ट फेराइटची युनिट सेलच (स्फटिकाची एक वीट) ०.८४ नॅनोमीटरची असते. असे कण छापून, बाइंडिंग करून सबमिट झालेले आहेत.

तिसऱ्या सेमिस्टरच्या रिव्हॅलचा निकाल चौथ्याच्या परीक्षेआधी लागेल, असं समजून चला.

प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या पार्ट सीमध्ये एक प्रश्न ५ गुणांचा आणि चुकलं की सव्वा गुण वजा. तिथे सीनियर कुठे बसतो, त्याची चौकशी आधीच करून ठेवा.

पण चेष्टा पुरे. अरे, दोन वर्षं फिजिक्स शिकता आणि मोजायची एवढी भीती वाटते? उत्तर ०.६२ आलं तर ०.६२ लिहा, खाली प्लस-मायनस किती ते लिहा आणि का आलं ते सांगा. एवढंच तर शिकायला आलाय ना? बँड गॅप जगाला माहीत आहे, तो तुमच्याकडून कोणी मागत नाही. आणि सर, मॅडम, तुम्ही तरी! अर्ध्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरच्यांचं मानधन वेळेवर नाही, सगळं मान्य. पण मेलेल्या ट्यूबच्या रीडिंगखाली सही करायला शासनाने जीआर काढला नव्हता. एक्स्टर्नल म्हणून जाता, पोहे खाता, पानं उलटता आणि १८ गुण देऊन चारच्या एसटीने परत येता. लाज वाटायला हवी.

विद्यार्थ्यांनो, ट्यूब चालू असेल तर सोर्स बाजूला ठेवा आणि नुसत्या बॅकग्राउंडची १० सेकंदांची १०० रीडिंग घ्या. सतरा मिनिटांचं काम आहे. हिस्टोग्राम काढा, तो एका बाजूला कललेला येईल, त्याला सरळ करू नका. आणि ट्यूब जळलेली असेल तर ऑब्झर्व्हेशन टेबलच्या जागी ‘ट्यूब बंद आहे, प्रयोग झाला नाही’ असं लिहून त्याच पानावर सही मागा. बघू, कोण नाही म्हणतं ते.